आपोआप तयार होणारा सिरियलायझेशन कोड इतकी मेमरी का खातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या एका छोट्या गाळ्यात आम्ही यंत्रमागावर बसवायचे मोजणी-बोर्ड बनवतो. माग किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) चालला, केव्हा थांबला, का थांबला, एवढंच तो बोर्ड सांगतो. माहितीची देवाणघेवाण प्रोटोबफमधून होते. बोर्डावर नॅनोपीबी (छोट्या चिपांसाठीचा प्रोटोबफ) आणि सर्व्हरवर जावा भाषा, शिवाय थोडी गो. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं तोंडी देऊन कंटाळा आला, म्हणून लिहून ठेवली.

आपोआप तयार होणारा सिरियलायझेशन कोड म्हणजे काय हो?

चादर गाठोड्यात भरायची तर घडी घालावी लागते आणि वापरायची तर घडी मोडावी लागते. मेमरीतली माहिती तारेवरून पाठवण्याजोग्या बाइटांत बसवणं म्हणजे घडी घालणं. पलीकडे ती पुन्हा उलगडायची. हे काम हाताने लिहिलं तर चुका होतात. म्हणून माहितीचा आराखडा एका स्कीमा फाईलमध्ये लिहायचा आणि घडी घालणारा, मोडणारा कोड एका प्रोग्रामकडून काढून घ्यायचा. गूगलने २००८ साली खुला केलेला प्रोटोबफ हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव.

तारेवर नव्वद बाइट जातात आणि बोर्डात चार केबी अडतात. कसं काय?

प्रश्न बरोबर आहे, आणि निम्मा गोंधळ इथेच असतो. घडीचा आकार वेगळा, पसरलेल्या चादरीचा वेगळा. तारेवर प्रोटोबफ फार काटकसरी आहे: लहान आकडा एका बाइटात जातो, शून्य असलेलं साधं फील्ड प्रोटो ३ मध्ये (प्रोटोबफच्या स्कीमा-भाषेची आवृत्ती) जातच नाही, मजकूर जेवढा आहे तेवढाच जातो. मेमरीत मात्र नॅनोपीबी प्रत्येक फील्डला आधीच जागा राखून ठेवतो, ते भरलेलं असो वा रिकामं.

आमची पहिली स्कीमा बघा. एका घटनेत पाच फील्ड होती: माग चालू आहे का, मिलिसेकंदांतली वेळ, रात्रपाळी आहे का, पिकांचा आकडा आणि थांबण्याचं कारण. कारण मजकुरात, जास्तीत जास्त ४० बाइट. एक घटना मेमरीत ६४ बाइट भरायची. एका रिपोर्टात ६४ घटनांची सोय, म्हणजे ४०९६ बाइट, शिवाय मोजणीचा आकडा धरून ४१०४. आणि त्या रिपोर्टात बहुतेक वेळा घटना असायच्या दोन! तारेवर नव्वदेक बाइट जात होते ते त्यामुळेच. आमच्या एसटीएम३२एफ१०३सी८ चिपमध्ये एकूण रॅम २० केबी, तिचा पाचवा हिस्सा रिकाम्या खोल्यांनी अडवलेला.

जनरेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. आपण त्याला काय सांगितलं ते आधी बघायचं. मर्यादा ढिली सांगितली, तर तो सगळ्यात वाईट दिवस धरून चालतो.

मेमरी नेमकी कुठे गेली हे कसं शोधायचं?

अंदाज बांधू नका, मोजा. बोर्डावर लिंकरची मॅप फाईल (कशाला किती जागा दिली याची यादी) उघडा आणि मोठ्यातली मोठी ग्लोबल व्हेरिएबल शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक मेसेज स्ट्रक्टचा साइझऑफ छापून बघा. जो आकार मान्य असेल तो स्टॅटिक असर्टमध्ये लिहून ठेवा, म्हणजे उद्या कुणी स्कीमात एक फील्ड वाढवलं की बिल्डच अडेल. जीसीसीमध्ये स्टॅक-युसेजचा पर्याय लावला तर कुठलं फंक्शन किती स्टॅक (चालू असेपर्यंतची तात्पुरती मेमरी) घेतं याची यादी मिळते. सर्व्हरच्या बाजूला जावासाठी जेमॅपचा हिस्टोग्राम, गोसाठी पीप्रॉफ, सी प्लस प्लसमध्ये मेसेजलाच स्पेस-युज्ड विचारता येतं.

मजकुराची कमाल मर्यादा किती ठेवू?

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे घर बांधताना टाकी रोजच्या वापरावर ठरत नाही, पाणी न येण्याचा सगळ्यात लांब काळ धरून ठरते. नॅनोपीबीच्या ऑप्शन्स फाईलमधले मॅक्स-साइझ आणि मॅक्स-काउंट म्हणजे अशाच टाक्या. फरक इतकाच की इथे एकाच घरात चौसष्ट टाक्या बसवल्या जातात आणि सगळ्या एकाच मापाच्या.

मराठी मजकुराचा इथे एक खास फटका बसतो, आणि इंग्रजीतल्या उदाहरणांवर शिकलेल्या मुलांना तो दिसत नाही. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, उकार हीसुद्धा वेगळी चिन्हं. ‘ताणा तुटला’ हे डोळ्यांना दोन छोटे शब्द दिसतात, पण त्यात नऊ चिन्हं आणि एक मोकळी जागा, म्हणजे २८ बाइट. ४० बाइटांच्या फील्डात शेवटचा शून्य बाइट सोडला तर देवनागरीची तेरा चिन्हं मावतात. तेलुगू आणि कन्नडचंही तेच. आणि सोलापूरच्या कारखान्यात या तिन्ही भाषा एकाच शेडमध्ये ऐकू येतात.

मर्यादेत बसत नाही म्हणून मजकूर ४० व्या बाइटाला कापलात तर अक्षराच्या मधोमध कात्री लागण्याची शक्यता असते. तसा तुटका मजकूर बोर्ड निमूट पाठवून देतो, कारण नॅनोपीबी यूटीएफ-८ ची तपासणी आपण चालू केल्याशिवाय करत नाही. पलीकडे प्रोटो ३ चा जावा कोड मात्र सगळा मेसेजच नाकारतो.

आमचा उपाय साधा होता. बोर्डावरून मजकूर पाठवणंच बंद केलं. ताणा तुटला, बाणा संपला, बीम संपली, वीज गेली, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट बघतोय, इतर: कारणं मोजली तर दोन्ही हातांच्या बोटांत मावतात. प्रत्येकाला एक आकडा दिला. मराठी, तेलुगू, कन्नड शब्द स्क्रीनच्या बाजूला ठेवले. ४० बाइटांचं फील्ड १ बाइटावर आलं. बाकीच्या सगळ्या युक्त्या मिळून एवढी बचत झाली नाही.

फील्डांचा क्रम बदलून खरंच फरक पडतो?

पडतो, पण कुठे पडतो ते समजून घ्या. आठ बाइटांचा आकडा आठच्या पटीतल्या पत्त्यावरच ठेवायचा असा आमच्या प्रोसेसरवर कंपायलरचा नियम आहे. त्याच्या आधी एक बाइटाचं हो-नाही फील्ड आलं तर मधले सात बाइट वाया. वरच्या जुन्या घटनेत असे दहा बाइट नुसत्या फटींत जात होते. नॅनोपीबी मूळ सेटिंगमध्ये फील्ड त्यांच्या नंबरांच्या क्रमाने मांडतो, म्हणून स्कीमा नवीन असतानाच मोठ्या मापाच्या फील्डांना आधीचे नंबर द्या. सी प्लस प्लसचा अधिकृत जनरेटर ही जुळवाजुळव स्वतः करतो, तिथे डोकं घालू नका.

क्रमाइतकंच माप महत्त्वाचं. मागाला मिलिसेकंद कशाला हवेत? सेकंदांतली वेळ ३२ बिटांत २१०६ सालापर्यंत पुरते. आकडा शंभराच्या आत असेल तर ऑप्शन्समध्ये इंट-साइझ आठ बिटांवर आणा. तारेवरचं रूप तेच राहतं, फक्त मेमरीतलं माप घटतं. शेवटी आमची घटना अशी झाली: वेळ ४, पिक ४, कारण १, दोन हो-नाही मिळून २, आणि एक बाइट फट. एकूण १२. चौसष्ट घटना ७६८ बाइटांत बसल्या.

वनऑफ वापरलं की मेमरी वाचते ना?

वाचते, पण एक मेख आहे. वनऑफ म्हणजे अनेक पर्यायांपैकी एका वेळी एकच भरायचा. त्यातले पर्याय एकाच जागेत राहतात आणि ती जागा सगळ्यात मोठ्या पर्यायाच्या मापाची असते. आमच्याकडे एका वनऑफमध्ये ‘मी जिवंत आहे’ हा चार बाइटांचा निरोप आणि सेटिंग्जचा सातशे बाइटांचा मेसेज शेजारी होते. मग प्रत्येक ‘जिवंत आहे’ सातशे बाइटांच्या खोलीत एकटा झोपायचा. मोठा पर्याय वेगळ्या मेसेजमध्ये काढा.

बोर्ड अधूनमधून रीसेट होतो, पण मॅप फाईलमध्ये तर भरपूर रॅम शिल्लक दिसते.

मेसेज फंक्शनच्या आत लोकल जाहीर केलाय का? मग तो स्टॅकवर जातो आणि मॅप फाईलमध्ये दिसत नाही. एसटीएम३२ च्या क्यूब साधनाने काढलेल्या तयार प्रोजेक्टमध्ये स्टॅकसाठी सुरुवातीला १ केबी धरलेला असतो, त्यात चार केबींचा रिपोर्ट कसा मावेल? मोठा मेसेज स्टॅटिक करा. फ्रीआरटॉस (छोट्या चिपांची ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर आणखी एक खड्डा: मूळ फ्रीआरटॉसमध्ये टास्कचा स्टॅक वर्डमध्ये (चार-चार बाइटांत) सांगतात आणि ईएसपी चिपांच्या आयडीएफ किटमध्ये बाइटमध्ये. एकीकडचा कोड दुसरीकडे चिकटवला की चौपटीचा घोळ.

कॉलबॅक म्हणजे फुकटात मेमरी, असं ऐकलं. खरं का?

जवळपास. नॅनोपीबीत फील्डला कमाल मर्यादा दिली नाही तर स्ट्रक्टमध्ये माहितीऐवजी एक कॉलबॅक बसतो, म्हणजे लायब्ररी वेळ आली की बोलावते ते आपलं फंक्शन. ३२ बिटांच्या चिपवर त्याचे आठ बाइट. चौसष्ट घटना एकदम स्ट्रक्टमध्ये भरण्याऐवजी घडी घालताना एक-एक घटना काढून द्यायची. ७६८ बाइटही नकोत, १२ पुरतात. मोठ्या याद्यांसाठी हाच मार्ग आहे, यावर माझं दुमत नाही.

पण एक आठवण सांगतो. एका कारखान्यातून तक्रार आली की पाळी सुरू झाली की कुठल्या तरी मागाचा पहिला रिपोर्ट गायब होतो. रोज नाही, आठवड्यात दोन-तीनदा. वायफाय बदललं, अँटेना बदलली, वायरिंगवर संशय घेतला, ते करणाऱ्या पोराला उगाच बोललो. जवळजवळ तीन आठवडे गेले. आधीच गड्ड्याची यात्रा, निम्मा कारखाना सुट्टीवर, त्यामुळे नमुनेही कमी मिळत होते.

झालं होतं असं. प्रोटोबफमध्ये आतल्या मेसेजच्या आधी त्याची लांबी लिहावी लागते. नॅनोपीबी त्याची घडी आधी बाजूला घालून ठेवत नाही, कारण तेवढी मेमरीच नसते. म्हणून तो आतला मेसेज दोनदा चालवतो: एकदा नुसती लांबी मोजायला, दुसऱ्यांदा खरोखर लिहायला. म्हणजे आपला कॉलबॅकही दोनदा बोलावला जातो. आणि मी त्या कॉलबॅकमध्ये पिकांचा चालता काउंटर सरळ वाचत होतो. प्रोटोबफचा आकडा १२७ पर्यंत एका बाइटात मावतो, १२८ ला दोन बाइट लागतात. पाळीच्या सुरुवातीला काउंटर शून्य होतो, रिपोर्ट मिनिटाने जातो, आणि तिथले माग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास पिक चालत होते. लांबी मोजताना १२७, हळू वायफाय मोडेमवर लिहिता लिहिता १२८. लायब्ररी ‘सबमेसेज साइझ चेंज्ड’ अशी एरर देत होती आणि आम्ही फ्लॅश वाचवायला एरर मेसेज बंद केलेले! नुसतं फॉल्स परत यायचं आणि रिपोर्ट टाकून दिला जायचा.

तेव्हा कॉलबॅक वापरा, पण चालत्या आकड्यांची प्रत आधी काढून ठेवा आणि दोन्ही वेळा तीच द्या. चार बाइटांचा प्रश्न आहे. आणि काम चालू असेपर्यंत एरर मेसेज बंद करू नका.

तयार झालेल्या फाईलमध्येच हाताने सुधारणा केली तर?

करू नका. पुढच्या वेळी जनरेटर चालवला की ती पुसली जाईल. जे बदलायचं ते स्कीमात किंवा ऑप्शन्समध्ये बदला.

नेटवर्क गेलं की घटना साठवाव्या लागतात. स्ट्रक्ट साठवू की घडी घातलेले बाइट?

मी बरीच वर्षं ठासून सांगायचो, ‘घडीच साठवा’. मग एकदा कागदावर गणित मांडलं. मजकूर असलेली जुनी ६४ बाइटांची घटना घडी केल्यावर ४४ पर्यंत यायची. कारणाचा मजकूर छोटा असला तर आणखी कमी. तिथे फायदा होता. पण नवी १२ बाइटांची घटना? फील्डाच्या नंबराचा एकेक बाइट धरून, ठरावीक चार बाइटांच्या वेळेला पाच, पिकांना तीन, कारणाला दोन, एका हो-नाहीला दोन, म्हणजे बाराच! रिपोर्टात घालताना वर दोन बाइट लांबी आणि नंबराचे. स्ट्रक्ट आधीच आटोपशीर केलं असेल तर घडी साठवून काही मिळत नाही, उलट वाचताना पुन्हा उलगडत बसा.

आणखी खाली यायचं असेल तर प्रत्येक घटनेत पूर्ण वेळ न लिहिता मागच्या घटनेपासून किती सेकंद झाले ते लिहा. १६,३८३ सेकंदांपर्यंत, म्हणजे साडेचार तासांपर्यंत, दोन बाइट पुरतात. पूर्ण वेळ पाठवायचीच असेल तर व्हॅरिंट (आकड्यानुसार बाइट वाढणाऱ्या) पूर्णांकाऐवजी ठरावीक चार बाइटांचा फिक्स्ड ३२ घ्या. आजच्या तारखेचा सेकंदांतला आकडा पहिल्यात पाच बाइट घेतो, दुसऱ्यात चार. आणि ऋण आकडे येणार असतील तर साधा इंट ३२ टाळा: उणे एकलासुद्धा तो दहा बाइट घालवतो. त्यासाठी सिंट ३२ आहे.

सर्व्हरला रॅम भरपूर असते. तिथे कशाला विचार करायचा?

तिथे डेटा एका मागाचा नसतो, हजार मागांचा आणि महिन्याभराचा असतो म्हणून.

जावात पहिली चूक म्हणजे दिवसभराची फाईल एकाच मोठ्या मेसेजमध्ये ठेवणं. ती उघडली की सगळी एकदम हीपवर (चालत्या प्रोग्रामच्या मेमरीत) येते. त्याऐवजी लांबी-आधी पद्धतीने एकामागून एक मेसेज लिहा आणि तसेच वाचा, त्यासाठी जावात डिलिमिटेड नावाच्या पद्धती तयार आहेत. टू-बाइट-अ‍ॅरे करून मग तो स्ट्रीमवर लिहू नका, सरळ राइट-टू वापरा, एक अख्खी प्रत वाचते. मागाचं नाव लाख मेसेजमध्ये आलं तर लाख वेगळे स्ट्रिंग ऑब्जेक्ट बनतात. एका मॅपमधून एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना द्या. आणि पुन्हा देवनागरी: जावा ९ पासून नुसत्या लॅटिन मजकुराला अक्षरी एक बाइट लागतो, पण त्यात एक जरी मराठी अक्षर आलं की अख्खी स्ट्रिंग दोन बाइटांवर जाते. ‘माग-17’ आणि ‘M-17’ यांत म्हणूनच फरक पडतो. लॅटिनमधला कोड मागाला पुरतो, शेवटी ते यंत्राचं नाव आहे, बाळाचं नव्हे.

गोमध्ये पर्यायी फील्ड पॉइंटर बनतात: आठ बाइट पॉइंटरचे आणि आकडा वेगळा हीपवर. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ओपेक एपीआयमध्ये फील्ड भरलंय की नाही हे बिटांत नोंदवलं जातं, त्यामुळे साध्या आकड्यांचे पॉइंटर गेले. नवीन काम त्यातच सुरू करा. सी प्लस प्लसमध्ये एकच मेसेज ऑब्जेक्ट क्लिअर करून पुन्हा वापरणं चांगलं, पण क्लिअर मेमरी परत करत नाही. एकदा अवाढव्य मेसेज येऊन गेला की ते ऑब्जेक्ट तेवढंच फुगलेलं राहतं. अधूनमधून स्पेस-युज्ड बघा आणि फार वाढलं तर ऑब्जेक्टच टाकून नवीन घ्या. पायथनमध्ये प्रोटोबफ मेसेजचे डिक्शनरीत रूपांतर करून लिस्टमध्ये साठवत बसलात तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तिथे एक छोटा पूर्णांकसुद्धा २८ बाइट खातो.

जुने बोर्ड चालू असताना स्कीमा बदलता येते का?

येते, पण नियम पाळून. ६४ बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक ३२ वर आणला तर तारेवर चालतो, फक्त मोठा आकडा कापला जातो. साधा इंट बदलून सिंट केला तर आकडे चुकीचे वाचले जातात. मजकुराचा आकडा करायचा तर नवीन नंबरचं नवीन फील्ड घ्या आणि जुना नंबर रिझर्व्ड म्हणून लिहून ठेवा, तो पुन्हा कधी वापरू नका. आणि बोर्ड वाचणारा असेल तर मर्यादा घटवताना सांभाळा: नॅनोपीबीत मजकूर मर्यादेबाहेर गेला तर तो कापला जात नाही, सगळं डीकोडिंगच फसतं. आधी सर्व्हरने लांब मजकूर पाठवणं थांबवायचं, मग बोर्डाची मर्यादा घटवायची. आम्ही एकदा उलट क्रमाने केलं होतं, आणि सेटिंग्ज बदलायला शिडी घेऊन मागामागाला फिरलो होतो.

फ्लॅटबफर्स किंवा कॅपन प्रोटोला घडीच मोडावी लागत नाही म्हणे?

बरोबर. प्रोटोबफच्या जागी वापरता येणारी ही साधनं आलेल्या बाइटांतूनच फील्ड वाचतात, वेगळं स्ट्रक्ट भरत नाहीत. मोठ्या मेसेजमधली दोनच फील्ड हवी असतील तर सर्व्हरवर याचा फायदा मोठा आहे. बदल्यात तारेवरचे बाइट वाढतात, कारण आकडे आपापल्या मापात आणि सरळ रांगेत ठेवावे लागतात. आमच्या बारा बाइटांच्या घटनेसाठी त्यात अर्थ नव्हता.

मोठ्या मेमरीची चिपच का घेत नाही?

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, कारखान्याचे मालक विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. ईएसपी ३२ मध्ये ५२० केबी रॅम आहे, वायफायही आहे. नवीन बोर्ड आम्ही त्यावरच काढतो. पण आधी बसवलेले बोर्ड अजून मागांवर आहेत, त्यांना तेल आणि कापसाची धूळ खायची सवय झालीय, आणि त्यांच्यासाठी रोज नवीन फील्ड मागणारे मालकही तेच आहेत.